बेसबॉलचे समालोचक: रेडिओ आणि टीव्हीवरच्या या कारकिर्दीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रिकेटच्या कॉमेंट्रीवर वाढलेल्या माणसाला रेडिओवरचं बेसबॉल पहिल्यांदा ऐकताना एक गोष्ट चटकन जाणवते. आज जो आवाज आहे तोच उद्या असतो, तोच परवा, आणि बहुधा वीस वर्षांपूर्वीही तोच होता. आपल्याकडे मालिका संपली की समालोचक पांगतात. अमेरिकेत एका संघाला एक आवाज चिकटला की पिढ्या त्याच आवाजावर मोठ्या होतात. सॅन फ्रान्सिस्को बे एरियात गाडी चालवताना केएनबीआर ६८० या रेडिओ स्टेशनवर जायंट्स संघाचे समालोचक जॉन मिलर ऐकणं ही माझी जुनी सवय आहे, आणि ओळखीची मराठी मंडळी या पेशाबद्दल तेच ते प्रश्न विचारत असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. माझं मत आधीच सांगतो: या कामात गाजलेले क्षण मोजके असतात आणि साधे दिवस फार, आणि समालोचकाची पारख होते ती साध्या दिवशी.

हे काम नेमकं काय असतं?

मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोज एक. रेडिओवर साधारण दोघं असतात. प्ले-बाय-प्ले करणारा समोर घडतं ते त्याच क्षणी शब्दांत मांडतो. दुसरा विश्लेषक, बहुतेक वेळा माजी खेळाडू, ते तसं का घडलं हे सांगतो. टीव्हीची जोडी वेगळी असते आणि तिच्यासोबत मैदानालगत उभा राहणारा एक वार्ताहरही असतो.

संध्याकाळी सातचा सामना असला तरी कामाचा दिवस दुपारीच सुरू होतो. मॅनेजरला गाठायचं, पाहुण्या संघाच्या समालोचकाकडून नव्या खेळाडूच्या नावाचा उच्चार विचारून घ्यायचा, कालच्या सामन्यात कोणता पिचर किती चेंडू टाकून दमला आहे ते पाहायचं. मग स्कोअरबुक भरायला घ्यायचं. ही वही बहुतेक समालोचक आजही हाताने लिहितात. चेंडू टाकणारा पिचर १, फलंदाजामागचा कॅचर २, मग तीन बेसमन ३, ४, ५, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप ६, आणि सीमेकडचे तिघं ७, ८, ९ असे जागांचे आकडे ठरलेले असतात. चौकटीत ‘६-४-३’ लिहिलं की शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून सेकंड बेसवर दिला, तिथून तो फर्स्टला गेला आणि दोघं बाद झाले, एवढं सगळं त्यात आलं. फलंदाज बॅट फिरवून स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, झाला तर इंग्रजी ‘के’, नुसता बघत उभा राहिला तर तोच ‘के’ उलटा. आठव्या इनिंगमध्ये तो फलंदाज पुन्हा समोर आला की एका नजरेत त्याची आजची सगळी कहाणी हाताशी असते. कागदावरून नजर उचलेपर्यंत पुढचा चेंडू आलेला असतो.

बेसबॉल रेडिओवर आलं कधी?

५ ऑगस्ट १९२१ रोजी पिट्सबर्गच्या फोर्ब्स फील्डवर. केडीकेए स्टेशनसाठी हॅरल्ड आर्लिन या वेस्टिंगहाउस कंपनीतल्या तरुणाने पायरेट्स आणि फिलीज यांचा सामना सांगितला. टेलिफोनचाच मायक्रोफोन केला होता. पायरेट्स ८-५ असे जिंकले. त्या वेळी याला पेशा म्हणावं असं कोणाच्या मनातही नव्हतं. दोनच वर्षांनी, १९२३च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेत, ग्रॅहम मॅकनामी नावाचा गायक मायक्रोफोनपुढे बसला आणि समालोचकाच्या नावानेही पत्रं येऊ शकतात हे स्टेशनांना कळलं.

संघमालक मात्र धास्तावलेले होते. फुकट ऐकायला मिळालं तर तिकीट कोण काढणार? न्यूयॉर्कच्या तिन्ही संघांनी तर १९३४ ते १९३८ अशी पाच वर्षं घरच्या सामन्यांचं प्रसारण आपसात ठरवून बंद ठेवलं. १९३९मध्ये ब्रुकलिन डॉजर्सनी तो करार सोडला आणि सिनसिनाटीहून समालोचक रेड बार्बर यांना आणलं. त्याच वर्षी २६ ऑगस्टला एबेट्स फील्डवरून मेजर लीगचं, म्हणजे बेसबॉलच्या अव्वल व्यावसायिक लीगचं, पहिलं टीव्ही प्रसारण झालं, तेही बार्बर यांच्याच आवाजात. दोन कॅमेरे होते आणि कोणता चालू आहे याचा बार्बर यांना अंदाजच बांधावा लागत होता. मधल्या वेळात त्यांनी कॅमेऱ्यापुढे वाडग्यात नाश्त्याचं सीरियल ओतून त्याची जाहिरातही केली.

मैदानात न जाता सामना सांगत असत, हे खरं का?

खरं आहे, आणि ते वर्षानुवर्षं चाललं. समालोचकाला दुसऱ्या गावी पाठवण्याचा खर्च वाचावा म्हणून तो आपल्याच गावच्या स्टुडिओत बसे. मैदानावरून तारेने त्रोटक मजकूर येई: स्ट्राइक, बॉल, सेंटरला झेल. एवढ्यावरून तो सगळा सामना उभा करी. चेंडू बॅटवर आदळल्याचा आवाज लाकडाच्या तुकड्यावर काडी आपटून काढत, गर्दीचा आवाज तबकडीवरून येई.

रोनाल्ड रेगन राष्ट्राध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी, १९३०च्या दशकात, आयोवातल्या डे मॉइन शहरात डब्ल्यूएचओ स्टेशनवर शिकागो कब्जचे सामने असेच सांगत. एकदा मध्येच तार बंद पडली. ते पुढे आयुष्यभर ही गोष्ट सांगत असत: तार पुन्हा सुरू होईपर्यंत त्यांनी फलंदाजाला एकामागून एक फाउल, म्हणजे रेषेबाहेर जाणारे फटके, मारायला लावले. त्यातली हुशारी अशी की फाउल चेंडूची नोंद दुसऱ्या दिवशीच्या पेपरातल्या धावफलकात येत नाही. बाकी काहीही रचलं असतं तर ते उघड पडलं असतं.

या क्षेत्रात शिरायचं कसं?

कॉलेजचं रेडिओ स्टेशन हा रुळलेला रस्ता. न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठाचं डब्ल्यूएफयूव्ही आणि सिराक्यूज विद्यापीठाचं डब्ल्यूएइआर यांतून मोठी माणसं निघाली. पुढे डॉजर्सचा आवाज झालेले विन स्कली फोर्डमचे, बॉब कॉस्टस सिराक्यूजचे. उन्हाळ्यात कॉलेजच्या खेळाडूंसाठी केप कॉड लीगसारख्या स्पर्धा होतात, तिथे खेळाडूंइतकेच होतकरू समालोचकही तयार होत असतात. त्यानंतर मायनर लीग, म्हणजे मेजर लीगच्या खालची पायरी.

मेजर लीग संघांशी जोडलेले मायनर लीगचे संघ २०२१च्या फेररचनेनंतर १२० उरले आहेत. तिथला समालोचक हा नुसता समालोचक क्वचितच असतो. सकाळी तो प्रसिद्धीपत्रकं लिहितो, दुपारी जाहिरातदारांना किंवा ग्रुप तिकिटांसाठी फोन करतो, पाऊस आला तर मैदानावर ताडपत्री ओढायला धावतो, आणि रात्री एकटाच तीन तास बोलतो. मंगळवार ते रविवार सहा सामने, सोमवारी प्रवास, तोही बसने. पगार तुटपुंजा असल्यामुळे हिवाळ्यात बास्केटबॉल किंवा हॉकीची कॉमेंट्री किंवा दुसरी एखादी नोकरी धरावी लागते. दहा-पंधरा वर्षं असं काढूनही वरची जागा मिळेलच असं नाही. मेजर लीगमध्ये संघ ३०, प्रत्येकाचा रेडिओवर एक आणि टीव्हीवर एक प्रमुख आवाज. म्हणजे साठेक खुर्च्या, आणि त्यांवर बसलेली माणसं तीस-तीस वर्षं उठत नाहीत.

नोकरी कशामुळे लागते याचं माझं आवडतं उदाहरण स्कली यांचं आहे. १९४९च्या नोव्हेंबरात रेड बार्बर यांना बॉस्टनच्या फेनवे पार्कवरून फुटबॉलचा एक सामना सांगायला माणूस हवा होता. त्यांनी जेमतेम ओळख झालेल्या या कॉलेजमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला पाठवलं. समालोचनाची बंद खोली असेल असं समजून स्कली कोट आणि हातमोजे हॉटेलवर ठेवून गेले. खोली नव्हतीच. कडाक्याच्या थंडीत छपरावर उभं राहून, वायर हातात धरून पुढेमागे चालत त्यांनी पूर्ण सामना सांगितला आणि प्रसारणात थंडीचा एका शब्दाने उल्लेख केला नाही. बार्बर यांना ही हकिगत नंतर दुसऱ्यांकडून कळली. पुढच्या वर्षी स्कली डॉजर्सच्या समालोचकांत होते.

समालोचकाला पगार कोण देतं? तो तटस्थ असतो का?

कधी संघ स्वतः नेमतो, कधी प्रसारणाचे हक्क घेतलेलं स्टेशन किंवा वाहिनी. दुसऱ्या प्रकारातही संघाची पसंती लागतेच. त्यामुळे तो आपल्या संघाचा असतो हे श्रोत्यांना ठाऊक असतं आणि त्यात कोणाला वावगं वाटत नाही. शिकागोत उघडपणे आपल्या संघासाठी ओरडणारे आवडतात, तर लॉस एंजेलिसमध्ये समोरच्या संघाच्या झेलाचंही मोकळं कौतुक करणारा आवाज ६७ वर्षं चालला.

पण मालकाला नको असलेलं सत्य सांगितलं तर काय होतं? २२ सप्टेंबर १९६६ रोजी न्यूयॉर्क यांकीजचा सामना होता. संघ तळाला गेलेला, आणि साठ हजारांहून जास्त माणसं मावणाऱ्या स्टेडियमात आलेले प्रेक्षक फक्त ४१३. बार्बर तेव्हा यांकीजकडे होते. त्यांनी कॅमेरा रिकाम्या खुर्च्यांवर फिरवायला सांगितला, पण नकार आला. मग त्यांनी आकडाच प्रेक्षकांना सांगितला आणि आजची बातमी सामन्याची नसून या गर्दीची आहे असं म्हटलं. काही दिवसांतच करार पुढे चालू राहणार नसल्याचं त्यांना कळवण्यात आलं. बार्बर तेव्हा ५८ वर्षांचे होते. पुन्हा कोणत्याही संघाचे समालोचक ते झाले नाहीत. मला विचाराल तर या पेशातली सगळ्यात ताठ मानेची गोष्ट हीच.

खेळाडू देऊन समालोचक घेतला असं कधी झालंय का?

एकदाच. १९४८मध्ये रेड बार्बर आजारी पडले आणि डॉजर्सचा कारभार पाहणाऱ्या ब्रँच रिकी यांना अटलांटा क्रॅकर्स या मायनर लीग संघाचे समालोचक अर्नी हार्वेल हवे झाले. अटलांटाच्या मालकांनी बदल्यात कॅचर मागितला. क्लिफ डॅपर नावाचा कॅचर देऊन हार्वेल यांना ब्रुकलिनला आणलं गेलं.

पुढे १९६०पासून हार्वेल डेट्रॉइट टायगर्सचा आवाज झाले. १९९१च्या हंगामानंतर त्यांना काढणार अशी बातमी फुटली तेव्हा मिशिगनभर संताप उसळला. संघाचा मालक बदलला आणि नव्या मालकांनी १९९३मध्ये त्यांना सन्मानाने परत आणलं. ते २००२पर्यंत बोलत होते. त्याच वर्षी स्टेडियममध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला, त्या सोहळ्याला डॅपर आले, आणि अदलाबदलीला ५४ वर्षं झाल्यावर दोघांची पहिली भेट झाली. २०१०मध्ये हार्वेल गेले तेव्हा त्यांचं पार्थिव त्याच स्टेडियममध्ये अंत्यदर्शनासाठी ठेवलं होतं, आणि लोक रात्रभर रांगेत होते.

चांगला खेळाडूच चांगला समालोचक होतो का?

मुळीच नाही. बॉब युकर सहा हंगाम खेळले आणि त्यांची फलंदाजीची सरासरी .२०० होती, म्हणजे जेमतेम टिकण्याइतकी. पण १९७१पासून २०२४पर्यंत ५४ हंगाम त्यांनी मिलवॉकी ब्रूअर्सचे सामने रेडिओवर सांगितले, आणि जानेवारी २०२५मध्ये ते गेले तेव्हा विस्कॉन्सिन राज्यात घरचं माणूस गेल्यासारखी शोककळा पसरली.

आमच्याकडच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या टीव्ही समालोचकांपैकी ड्वेन कायपर यांचं उदाहरण तर आणखी गोड आहे. मेजर लीगमध्ये ३,३०० हून अधिक वेळा फलंदाजी नोंदवूनही त्यांच्या नावावर होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) एकच आहे, २९ ऑगस्ट १९७७चा. तो चेंडू टाकणारे पिचर स्टीव्ह स्टोन. तेही पुढे समालोचक झाले आणि शिकागोच्या दोन्ही संघांसाठी कित्येक वर्षं बोलले. त्या एका फटक्यातले दोघंही मैदानावरून उठून मायक्रोफोनपुढे गेले.

विन स्कली यांचं एवढं नाव का?

१९५० ते २०१६, एकाच संघासाठी ६७ हंगाम. पण आकडा बाजूला ठेवू. डॉजर्स १९५८मध्ये ब्रुकलिनहून लॉस एंजेलिसला गेले आणि आधी कलिझियम नावाच्या अवाढव्य मैदानात खेळू लागले. मागच्या रांगांतून खेळाडू ठिपक्याएवढे दिसत, म्हणून लोक ट्रान्झिस्टर घेऊन येत. हजारो ट्रान्झिस्टरमधून एकच आवाज मैदानभर ऐकू येई. १९६०मध्ये एका संथ सामन्यात स्कली यांना कळलं की पंच फ्रँक सेकॉरी यांचा आज वाढदिवस आहे. त्यांनी श्रोत्यांना सांगितलं, मी तीन म्हटलं की सगळे मिळून शुभेच्छा द्या. एक, दोन, तीन, आणि सगळं स्टेडियम एका सुरात ओरडलं. पंच चमकून वर बघायला लागले.

ते बहुतेक काळ एकटेच बोलत, शेजारी विश्लेषक नसे. कीर्तनकार आख्यानात कितीही रंगला तरी मूळ अभंगाच्या ओळीवर बरोबर परततो, तसं ते एखाद्या फलंदाजाच्या आजोबांची गोष्ट सांगत असताना चेंडू सुटला की वाक्य थांबवून चेंडूवर येत, आणि पुढच्या उसंतीत तेच वाक्य तिथूनच उचलत. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना इथे ए. एफ. एस. तल्यारखान आठवतील. मुंबईतून क्रिकेट सांगताना त्यांनाही मायक्रोफोनवर भागीदार चालत नसे.

शिवाय कधी गप्प राहायचं ते स्कली यांना कळत होतं. ९ सप्टेंबर १९६५ रोजी सँडी कोफॅक्स यांनी शिकागोविरुद्ध परफेक्ट गेम टाकला, म्हणजे २७ फलंदाज आले आणि २७ही बाद. शेवटच्या इनिंगमध्ये स्कली अधूनमधून घड्याळातली वेळ सांगत राहिले, म्हणजे पुढे ध्वनिमुद्रणावर कोफॅक्स यांना तो क्षण नेमका सापडावा. शेवटचा फलंदाज बाद झाल्यावर ते थांबले आणि अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ फक्त गर्दीचा आवाज जाऊ दिला. १९७४मध्ये अटलांटात हँक आरन यांनी ७१५वा होमरन मारून बेब रूथ यांचा विक्रम मोडला, तेव्हाही तसंच. बराच वेळ शांतता, आणि मग दक्षिणेच्या राज्यात एका कृष्णवर्णीय माणसासाठी सगळं मैदान उभं राहिलं आहे, याकडे त्यांनी श्रोत्यांचं लक्ष वेधलं.

रेडिओ आणि टीव्ही, अवघड काय?

रेडिओ. टीव्हीवर चित्राच्या वर जाऊन काय सांगायचं एवढाच प्रश्न असतो. रेडिओवर धावसंख्या विसरलात तर नुकताच गाडीत बसलेला माणूस अधांतरी राहतो. बार्बर म्हणूनच समोर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवत. वाळू खाली आली की धावसंख्या सांगायची आणि घड्याळ उलटं करायचं.

जुनी ध्वनिमुद्रणं टिकली आहेत का?

फार थोडी. ३ ऑक्टोबर १९५१ रोजी बॉबी थॉमसन यांच्या होमरनवर न्यूयॉर्क जायंट्स लीग जिंकले आणि त्यांचे समालोचक रस हॉजेस ‘जायंट्सनी लीग जिंकली!’ हेच वाक्य पुन्हा पुन्हा ओरडले. अमेरिकेतलं हे बहुधा सगळ्यात प्रसिद्ध क्रीडा समालोचन. ते आज ऐकू येतं कारण ब्रुकलिनमधल्या एका श्रोत्याने कामाला जाताना घरच्या टेपरेकॉर्डरचं बटण दाबायला आईला सांगून ठेवलं होतं. स्टेशनने ते जपलं नव्हतं.

इंग्रजीखेरीज इतर भाषांत समालोचन होतं का?

स्पॅनिशमध्ये मोठ्या प्रमाणावर. हायमे हारीन १९५५मध्ये इक्वाडोरहून लॉस एंजेलिसला आले, ते बेसबॉल कधीही न खेळता. केडब्ल्यूकेडब्ल्यू स्टेशनवर ते बातम्या देत. डॉजर्सचे सामने स्पॅनिशमध्ये द्यायचे ठरल्यावर ते खेळ शिकले, १९५९मध्ये सुरू झाले आणि २०२२मध्ये थांबले. पहिली काही वर्षं परगावचे सामने ते स्टुडिओत बसून स्कली यांचं इंग्रजी समालोचन ऐकत त्याच क्षणी स्पॅनिशमध्ये सांगत. १९८१मध्ये मेक्सिकोतून आलेल्या फर्नांडो व्हालेन्झुएला या तरुण पिचरने धुमाकूळ घातला तेव्हा पत्रकार परिषदांत त्याचे दुभाषे हारीनच होते. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत ज्यांना क्रिकेट कळलं, त्यांना आपल्या भाषेतला आवाज मिळणं म्हणजे काय ते सांगायला नको.

स्त्रिया या पेशात आहेत का?

आहेत, पण दार फार उशिरा आणि किलकिलंच उघडलं. १९७७मध्ये मेरी शेन यांनी शिकागो व्हाइट सॉक्ससाठी प्ले-बाय-प्ले केलं. पुढच्या हंगामात त्या परतल्या नाहीत. सुझन वॉल्डमन या ब्रॉडवेवरच्या गायिका-अभिनेत्री. १९८७मध्ये डब्ल्यूएफएएन हे खेळांचं स्टेशन सुरू झालं तेव्हा त्यावर ऐकू आलेला पहिला आवाज त्यांचा होता. २००५पासून त्या यांकीजच्या रेडिओवर विश्लेषक आहेत, आणि त्यांना सुरुवातीला ऐकून घ्यावे लागलेले शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. २०२४मध्ये जेनी कॅव्हनार ओकलंड एजच्या प्रमुख प्ले-बाय-प्ले समालोचक झाल्या. मेजर लीगमध्ये हे पद मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पहिल्या रेडिओ प्रसारणाला तोवर १०० वर्षं उलटून गेली होती. याचं समर्थन होऊच शकत नाही.

घराण्याचा वारसा चालतो का?

चालतो. सेंट लुईसमध्ये जॅक बक यांच्यामागे जो बक, आणि हॅरी कॅरे यांच्यामागे मुलगा स्किप, नातू चिप.

मोठा सन्मान कोणता?

कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेमतर्फे मिळणारा फोर्ड फ्रिक पुरस्कार. १९७८मध्ये तो पहिल्यांदा रेड बार्बर आणि मेल ॲलन यांना मिळाला.

पुढे ही नोकरी टिकेल का?

टिकेल, पण तिचा आकार बदलतो आहे. मार्च २०२३मध्ये १४ संघांचे टीव्ही हक्क असलेली डायमंड स्पोर्ट्स ही कंपनी दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी ३१ मेपासून सॅन डिएगो पाद्रेजचं प्रसारण मेजर लीगने स्वतःकडे घेतलं. समालोचक तेच राहिले, कारण प्रेक्षक वाहिनीला नव्हे तर त्या आवाजांना सरावलेले होते. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. २०२० साली साथीमुळे परगावचे सामने पडद्यावर बघून सांगावे लागले, आणि तसं भागतं हे हिशोब ठेवणाऱ्यांच्या ध्यानात आलं. पण पडदा कॅमेऱ्याला दिसतं तेवढंच दाखवतो. सेंटर फील्डर दोन पावलं डावीकडे सरकला आहे, हे मैदानात बसलेल्यालाच कळतं.

आणि २०२३पासूनचं पिच क्लॉक. बेसवर कोणी नसेल तर चेंडू टाकायला पिचरला १५ सेकंद. नऊ इनिंगच्या सामन्याची सरासरी वेळ ३ तास ४ मिनिटांवरून २ तास ४० मिनिटांवर आली. खेळाला ते मानवलं, मला स्वतःलाही आवडलं. गोष्टी मात्र आता दोन वाक्यांत उरकाव्या लागतात.

भारतात बसून हे ऐकायचं तर?

मेजर लीगच्या ॲपवर वर्गणी भरली की दोन्ही संघांचं रेडिओ समालोचन मिळतं. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचा संध्याकाळी सातचा सामना भारतात पहाटे साडेचारला सुरू होतो आणि कॅलिफोर्नियातला सकाळी साडेसातला, म्हणून पश्चिमेचे संघ सोयीचे. एकच संघ धरा आणि आठवडाभर त्याच जोडीला ऐका. नियम पाठ करून बसायची गरज नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत फलंदाजांची नावं तोंडी बसतात, आणि मग आवडत्या संघाचे समालोचक काल काय म्हणाले होते ते आठवायला लागतं.